एकटीसाठी अर्धी वाटी आंबेमोहर

नाशिकच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव, ओळख झाकून थोडक्यात सांगते. वय ४९, शाळेच्या ऑफिसात नोकरी. मिस्टरांची दोन वर्षांपूर्वी नागपूरला बदली झाली, ते महिन्यातून दोनदा येतात, मुलगा गेल्या वर्षीपासून पुण्याला इंजिनिअरिंगला. म्हणजे सोमवार ते शुक्रवार घरात त्या एकट्याच. पूर्वी घरच्या गणपतीचं कागदी मखर, बिल्डिंगचे आकाशकंदील, राख्या, क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली ग्रीटिंग कार्डं सगळं त्यांच्या हातचं असायचं, आणि स्वयंपाकाचीही मनापासून आवड. आता कपाटाचे दोन खण कागदांनी भरलेत, त्यात पुण्याहून आणलेला हातकागद आहे, भाचीने जपानहून पाठवलेला मोरपिशी वाशी कागद आहे, पण "काहीतरी खास करेन तेव्हा वापरेन" म्हणत पाच वर्षं गेली. भावाने पाठवलेला आंबेमोहर, काजू, केशर हे पण "दोघं आले की करू" म्हणून राखलेलं. स्वतः रात्री चहा-खारी नाहीतर मॅगी, आणि मग दोन-दोन तास फोनवर दुसऱ्यांचे क्राफ्टचे आणि रेसिपीचे रील्स. मिस्टर म्हणतात एकटीसाठी कशाला एवढा घाट, नणंद म्हणते दिवाळीच्या कंदिलांच्या ऑर्डरी घे, निदान चार पैसे सुटतील. ताईंचा प्रश्न असा की ऑर्डरी घेऊ, का सगळा कागद शाळेला देऊन मोकळी होऊ? आणि या वयात कागद कापत बसणं आणि एकटीसाठी साग्रसंगीत रांधणं म्हणजे स्वतःचे नसते लाड नाहीत का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की चार पानांत तुम्ही कुठेच "आता मला हे आवडत नाही" असं लिहिलेलं नाही. उलट त्या मोरपिशी कागदाबद्दल सात ओळी लिहिल्यात, त्याच्यावर सोनेरी लाटा कशा आहेत, बोट फिरवलं की कसा कापडासारखा लागतो, आणि तांदळाचा डबा उघडला की वास कसा स्वयंपाकघरभर होतो ते पण. म्हणजे आवड शाबूत आहे हो, ती फक्त कुलुपात पडलीय, आणि कुलूप लावलंय एका वाक्याने, एकटीसाठी कशाला.

हे वाक्य आपल्या घरांमध्ये इतकं मुरलंय की ते कुणी म्हणायची पण गरज पडत नाही. माझी आई, बाबा फिरतीवर गेले आणि आम्ही मुलं मामाकडे असलो की दोन-दोन दिवस शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यावर काढायची, आणि आम्ही परत आल्या आल्या लगेच कढी, खिचडी, भाजलेला पापड. मला कितीतरी वर्षं वाटायचं की आईला कुस्करा फार आवडतो. पुढे मी नोकरीसाठी दुसऱ्या गावी एकटी राहायला लागले आणि महिन्याभरात माझंही रात्रीचं जेवण म्हणजे ओट्यापाशी उभं राहून खाल्लेलं काहीतरी झालं, तेव्हा मला कळलं की ती आईची आवड नव्हतीच, स्वतःला मोजणीत न धरायची सवय होती, आणि ती माझ्याकडे न शिकवता आली होती.

तुमचे मिस्टर हे वाईट मनाने म्हणत असतील असं मला अजिबात वाटत नाही, ऑफिसातून दमून आलेल्या बायकोने अजून दमू नये एवढंच त्यांच्या मनात असेल. पण त्या वाक्यात एक हिशोब आहे, कष्ट भागिले खाणारी माणसं. पंचवीस पोळ्या लाटायच्या का सहा, तिथे तो हिशोब ठीकच आहे. पण तुम्ही तोच कंदिलाला लावलात, कागदाला लावलात, मग संध्याकाळला लावलात. आपल्याकडे दारात रांगोळी काढतात, ती दुपारपर्यंत पायाखाली जाते, ती किती जणांनी बघितली यावरून कुणी ठिपके कमी करतं का? आणि नैवेद्याची वाटी केवढीशी असते. देवापुढे चमचाभर शिरा ठेवायचा तरी आपण रवा तुपात नीट खमंग भाजतोच ना, एवढ्याशासाठी कशाला कढई काढू असं कुणी म्हणत नाही. म्हणजे थोडंसं पण नीट करायची रीत आपल्याकडे आहे, ती फक्त स्वतःच्या ताटापर्यंत येत नाही.

आता ते "काहीतरी खास करेन तेव्हा". ताई, तुमच्या कपाटातल्या गोष्टी थांबायला तयार आहेत का ते बघा एकदा. आंबेमोहराला आंब्याच्या मोहराचा वास येतो म्हणून तर ते नाव, आणि तो वास उडून जाणारा असतो, तांदूळ जुना होत जातो तसा कमी कमी होत जातो. भात मोकळा व्हायला जुना तांदूळ चांगला हे खरं, पण वासाचा तांदूळ वास असेपर्यंतच खावा. काजू खवट होतात. केशराचा दरवळ जातो. ज्यांच्यासाठी राखलंय ते येईपर्यंत त्यातलं राखण्यासारखं कमी होत जातंय.

कागदाचं म्हणाल तर सगळे कागद सारखे नसतात. टिंटेड पेपर, घोटीव कागद, साधी कार्डशीट यांचे रंग उडतात, लाकडाच्या स्वस्त लगद्याचा असेल तर कडा पिवळ्या पडून घडीवर तुटायला लागतो. हातकागद मात्र टिकतो, पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून जो कागद बनतो तो मुख्यतः सुती चिंध्यांचा, तो तुमच्या-माझ्या आयुष्याला पुरून उरेल. पण त्याला पावसाळ्यात दमट कपाटात कसर लागते. (कागद खाणाऱ्या त्या चंदेरी किड्याला आपण कसर म्हणतो आणि जपून वापरण्याला पण काटकसर म्हणतो, मला हे नेहमी विचारात पाडतं.) जुन्या काळी जुन्नरला आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कागद बनायचा, तसल्या कागदांवर लिहिलेली पेशवे दफ्तरातली पत्रं पुण्यात रुमालांमध्ये बांधलेली आजही वाचता येतात. ते रुमाल एवढी वर्षं सांभाळले गेले ते त्यांच्यावर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं होतं म्हणून. कोऱ्या कागदांचे रुमाल कोण सांभाळणार?

आणि तुमचा तो वाशी. त्याचं जपानमध्ये एवढं कौतुक आहे की तो हाताने बनवायची कला २०१४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, म्हणून कात्री लावायला जीव होत नाही ना, समजू शकते. पण त्याच जपानमध्ये हा कागद सरकत्या दारांना लावायचे, त्याच्या छत्र्या करायचे, कंदील करायचे. कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या लांब लांब धाग्यांचा असतो म्हणून तो चिवट, रोज हाताळायलाच बनवलेला. देव्हाऱ्यात ठेवायला नाही. भाचीने पण तो पाठवताना कपाटाचा विचार केला नसणार.

आता ऑर्डरींचं बोलू, कारण नणंदेने ते प्रेमाने सुचवलंय आणि त्यात तथ्य पण आहे. पैशाची गरज असेल तर मी एक अक्षर विरोधात बोलणार नाही, हाताच्या कलेचे पैसे मागण्यात लाज नाही. पण तुमच्या पत्रात पैशाची अडचण कुठे दिसली नाही, तुम्ही लिहिलंय "निदान त्याला काही अर्थ तरी राहील". हे वाचून मला जरा काळजी वाटली, कारण अर्थ यायला गिऱ्हाईक लागतं असं तुम्ही धरून चाललाय. साधा हिशोब करा, कामट्यांचा एक षटकोनी कंदील झिरमिळ्यांसकट करायला तुम्हाला दोन संध्याकाळी लागतात असं तुम्हीच लिहिलंय. पंधरा कंदील म्हणजे तीस संध्याकाळी. दिवाळीच्या आधीचा अख्खा महिना. त्याच महिन्यात मुलगा येणार म्हणून भाजणी भाजायची असते, करंज्यांचं सारण करायचं असतं, घर आवरायचं असतं. आणि घेणारा म्हणणार बाजारात याच्या निम्म्यात मिळतो.

मी स्वतः यातून गेलेय. मला पाकिटं करायचा फार नाद होता, अहेराची, हळदीकुंकवाची, हातकागदाची. एका ओळखीच्यांनी लग्नासाठी दोनशे पाकिटं सांगितली, मी हुरळून हो म्हटलं, पन्नास झाल्यावर त्यांनी रंग बदलायला सांगितला, शेवटच्या आठवड्यात आकार. पाकिटं दिली, पैसे पण उशिरा का होईना मिळाले, पण त्यानंतर दोन वर्षं मी घडी घालायची पट्टी हातात धरली नाही, कागद बघितला की छातीत धस्स व्हायचं. तर ऑर्डरी घ्यायच्याच असतील तर पाचच घ्या, डिझाइन तुमचं, आगाऊ निम्मे पैसे, आणि दसऱ्यानंतर ऑर्डर बंद. आणि या वर्षी नकोच, आधी हात मोकळा होऊ दे, पुढच्या वर्षी विचार करा.

शाळेला देण्याचं अर्धं पटतं मला. टिंटेड आणि कार्डशीट यातला अर्धा गठ्ठा खरंच देऊन टाका, पोरं दोन दिवसांत त्याच्या पताका करतील आणि तुमचा एक खण मोकळा होईल. पण हातकागद आणि वाशी द्यायचा नाही. तो दिलात तर ती उदारता नसेल, "बाई, तुझ्या हाताला आता काम नाही" असं स्वतःला सांगून टाकणं असेल, आणि त्या शब्दाला तुम्ही मागून फार रडाल असं मला वाटतं.

मग करायचं काय.

एक डबा घ्या, स्टीलचा नको, बिस्किटांचा पत्र्याचा चालेल. त्यात कात्री, पट्टी, संपलेली बॉलपेनची रिफील, फेविकॉलची छोटी बाटली आणि दहाच कागद. हा डबा कपाटात ठेवायचा नाही, जेवायच्या टेबलावर ठेवायचा. तुम्हाला वाटतंय मूड येत नाही, मला वाटतं मूड येतो, पण कपाट उघडणं, वरचे गठ्ठे काढणं, त्यातून निवडणं, मग जागा करणं इथपर्यंत जाता जाता तो दमतो आणि फोन मात्र हाताशीच असतो. रील्स बघण्यात पाप नाही, पण दोन तास बघून हात रिकामेच राहतात आणि म्हणून ती रुखरुख, तुम्ही पत्रात तिला आळस म्हटलंय, तो आळस नाहीये.

पहिल्या दिवशी क्विलिंग नको, मखर तर मुळीच नको. पाच वर्षांनी हात लावताय, बिनगोंदाच्या घडीपासून सुरुवात करा. लहानपणी आपण होडी, शिडाची होडी, विमान, कॅमेरा करायचो तसं. मी सुचवेन एक चौकोनी डबी, जपानी लोक तिला मासू म्हणतात. मासू म्हणजे मुळात त्यांचं तांदूळ मोजायचं लाकडी चौकोनी माप, एका मापात एक गो म्हणजे साधारण १८० मिलिलिटर, आजही त्यांच्या राइस कुकरबरोबर जो कप येतो तो १८०चाच असतो. तुमचं पत्र वाचताना मला हेच पहिलं आठवलं, कागद आणि तांदूळ एकाच घडीत बसलेत बघा. आपल्याकडे पण निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं होतीच. माझी आजी घरातली माणसं मोजून चिपट्याने तांदूळ काढायची, आणि त्यात ती स्वतःचं माप धरायची का, हे तिला विचारायचं राहून गेलं.

तर ती डबी. १५ सेंटिमीटरचा चौकोन घ्या. आडवी उभी मधली घडी पाडून उघडा. चारी कोपरे मध्यावर आणा, की लहान चौकोन होतो. त्याच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यावर आणून घडी पाडा, उघडा, दुसऱ्या दोन कडांचं तसंच. मग समोरासमोरचे दोनच कोपरे पूर्ण उघडून बाकीच्या दोन बाजू उभ्या करा, उघडलेल्या बाजू आत वळवत टोकं परत तळाच्या मध्यावर आणा. झाली. साधारण ५.३ सेंटिमीटरचा तळ येतो. झाकण करायचं असेल तर ते १५चं आणि खालची डबी १४.६ची करा, नीट बसतं. पहिल्या दोन-तीन साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या करा, तो ७०-८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम वजनाचा) असतो आणि या घडीला बरोबर पडतो. चौथी वाशीची. खरंच सांगते, चौथीच. दहावी नाही, शंभरावी नाही.

वाशी हाताळायचं एक सांगते, तो झेरॉक्सच्या कागदासारखी करकरीत घडी धरत नाही, म्हणून घाई न करता नखाने न दाबता पट्टीच्या कडेने हलके दाब द्यायचा. आणि जाड हातकागद किंवा कार्डशीट असेल तर घडीच्या रेषेवर आधी रिकाम्या रिफीलने चर पाडून घ्यायची. कुठल्याही कागदाला एक धागा असतो, म्हणजे तंतू एका दिशेने जास्त असतात, कागद दोन्ही बाजूंनी न दुमडता नुसता वाकवून बघा, जिकडून सहज वाकतो तिकडे धागा. त्या दिशेने घडी सुरेख येते, विरुद्ध घातली की जाड कागदाला भेगा पडतात. हातकागदात मात्र धाग्याची दिशा फारशी कळत नाही, तो कुठूनही घ्या. पावसाळ्यात कागद आणि पापड दोघांची जात एक, मऊ पडतात, तेव्हा त्या दिवसांत क्विलिंगच्या पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

त्या डबीत काय ठेवायचं? चिठ्ठ्या. कागदाच्या कातरणांच्या वीस चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर एक असा पदार्थ लिहा जो तुम्हाला, फक्त तुम्हाला आवडतो. मुलाला आवडतो तो नाही, मिस्टरांना चालतो तो नाही. पत्रात तुम्ही मुलाच्या आवडीचे पाच पदार्थ लिहिलेत आणि स्वतःचा एकही नाही, म्हणून हा गृहपाठ. पाचव्या-सहाव्या चिठ्ठीला अडकलात तर लग्नाआधी माहेरी काय आवडायचं ते आठवा. मग रोज संध्याकाळी घरी आलं की पाय धुतल्यावर एक चिठ्ठी काढायची.

यातले बरेचसे पदार्थ एकटीला अर्ध्या तासात होतात आणि त्यात घाट फारसा नसतो. पिठलं घ्या, अर्धी वाटी बेसन, दीड वाटी पाणी, लसूण जरा सढळ. तांदळाची उकड, अर्धी वाटी पिठी आणि आंबट ताक-पाणी मिळून सव्वा ते दीड वाटी, वरून कच्चं तेल किंवा लोणी. भाजणी एकदा भाजून दळून आणली की थालीपीठ कधीही, झाकण ठेवून एक बाजू होईतो पाच-सात मिनिटं जातात आणि तेवढ्यात डबीच्या पहिल्या चार घड्या होतात (हात कोरडे पुसून, तेलाचा एक ठिपका पडला की कागद गेलाच). एक वाटी मटकीला मोड आले की अडीच-तीन वाट्या होतात, पहिल्या दिवशी उसळ, दुसऱ्या दिवशी थोडी कच्चीच कांदा-लिंबू घालून, तिसऱ्या दिवशी उरलेल्या उसळीचं काय करायचं हे नाशिकच्या बाईला मी सांगायला नको. पावसाळ्यात त्र्यंबक-पेठकडच्या बायका करटुली घेऊन बसतात, पावकिलो घेतली तरी चालतात, नुसत्या तेल-मिठावर परतून भाकरीबरोबर. पूर्वी चौघांसाठी म्हणून किलोभर निवडायचा कंटाळा यायचा, आता पावकिलो निवडायला दहा मिनिटं. एकटं असण्याची ही सोय कुणी सांगत नाही आपल्याला.

आणि ताट वाढून घ्यायचं, ताई. पातेल्यातून चमच्याने नाही, फोन टेकवून तर नाहीच. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाजी, पाणी भरलेलं तांब्या-भांडं. जे आपण पाहुण्याला करतो तेच. मला हे करायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात अवघडल्यासारखं व्हायचं, रिकाम्या घरात कुणाच्या पंक्तीला बसल्यासारखं, पण मग पोट भरल्याचं कळायला लागलं, आणि रात्री दहाला परत डब्यात हात घालायची इच्छा कमी झाली.

स्वयंपाक आणि कागद एकाच टेबलावर येणार म्हणून दोन सावधगिरीच्या गोष्टी, या सगळ्यांनीच ऐका. रंगीत, सोनेरी, छापील क्राफ्टचा कागद खाण्याला थेट लावू नका, कितीही सुंदर दिसला तरी, मोदकाखाली किंवा लाडूखाली बटर पेपर नाहीतर केळीचं, हळदीचं पान ठेवा. वर्तमानपत्रात खाणं गुंडाळू नका असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच सांगितलंय कारण शाई अन्नात उतरते, तरी अजून आपण भजी काढून कागदावर निथळत ठेवतोच. दुसरं, कंदिलाच्या मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, मोरचूद विषारी असतं, त्या खळीचं भांडं आणि चमचा कायमचा वेगळा ठेवायचा, स्वयंपाकघरात परत आणायचा नाही. पोरं घरात असतील तर मोरचूद घालूच नका, लागेल तेवढीच ताजी खळ करा.

तुम्ही "लाड" हा शब्द वापरलाय म्हणून त्यावर जरा थांबते. मुलगा घरी होता तेव्हा त्याच्या डब्यात तुम्ही पोळीचा रोल बटर पेपरात गुंडाळून वर त्याच्या नावाचं स्टिकर लावायचात, असं लिहिलंय. तेव्हा तुम्हाला तो लाड वाटला नव्हता, काळजी वाटली होती. तीच कृती, तीच बाई, तेच हात. फक्त डबा कुणाचा ते बदललं की शब्द बदलतो का? मला उत्तर देऊ नका, स्वतःशीच बघा. आणि थोडे लाड झाले तरी काय हो, ४९ वर्षांत तुम्ही ते कितीदा केलेत?

एक मात्र स्पष्ट विचारते आणि राग मानू नका. चहा-खारीवर राहणं, संध्याकाळी काहीच हातात घ्यावंसं न वाटणं, यामागे कधी कधी नुसती सवय नसते. झोप लागत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या कुठल्याच गोष्टीत गोडी वाटत नसेल, कारण नसताना रडू येत असेल आणि हे दोन-तीन आठवडे सलग चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. या वयात हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ हे तपासून घ्यायलाच हवं, पाळी जायच्या सुमाराला मनही खाली-वर होतं. कागदाची डबी हे औषध नाही. तुमच्या त्या सात ओळी वाचून मला वाटतंय की गोडी अजून आहे, पण मी पत्र वाचतेय, तुम्हाला बघत नाहीये.

मिस्टरांशी वाद घालू नका. पुढच्या वेळी फोनवर त्यांनी काय जेवलीस विचारलं की "काही नाही, असंच" म्हणायचं सोडून नीट सांगा, आज उकड केली होती, वर लसणीची फोडणी घातली. बहुतेक ते म्हणतील अरे वा, मला कधी करून घालतेस. मग त्यांनाही विचारा तुम्ही काय जेवलात. नागपूरला खोलीवर एकटा पुरुष रोज काय खात असेल याची मला तुमच्याइतकीच शंका आहे.

हे ज्यांना लागू पडतं असे बरेच वाचक असणार. रिटायर झालेले काका असतील ज्यांना पत्नी गेल्यावर कुकर लावण्यापलीकडे जावंसं वाटत नाही, त्यांनी पण चिठ्ठ्या करा, दहाच करा, आणि नातवंडांसाठी म्हणून नाही तर स्वतःसाठी एक भिरभिरं करून गॅलरीत लावा. होस्टेलवर फक्त किटली असेल तर दडपे पोहे, ताक-पोहे, मेतकूट-दही असल्या गॅसशिवायच्या गोष्टींच्या चिठ्ठ्या. आणि ज्यांचं उलटं आहे, घरात सहा माणसं, दोन लहान पोरं, श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यांना मी रोज ताट सजवा असं म्हणणार नाही, तुम्ही आठवड्यातून एकदा स्वतःच्या आवडीची एक चिठ्ठी सगळ्यांच्या ताटात वाढा, आणि त्या दिवशी "हे का केलं" असं कुणी विचारलं तर मला आवडतं म्हणून एवढंच उत्तर द्या.

ताई, सुरुवात कधी करायची हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही परत मुहूर्त शोधाल. हे सदर छापून येईल त्या आठवड्यातला मंगळवार धरा, मंगळवारी काहीच नसतं. घरी आलात की आधी अर्धी वाटी आंबेमोहर काढा, दोनदा हलक्या हाताने धुवा, जोरात चोळू नका, कणी होते. वीस मिनिटं भिजू दे. तेवढ्यात पत्र्याचा डबा उघडून झेरॉक्सच्या कागदाच्या तीन डब्या करा. मग दीड वाटी पाणी घालून भात जरा मऊच शिजवा, झाकण लगेच काढू नका, पाच मिनिटं थांबा. वर मेतकूट, तूप, लिंबाची फोड. जेवून, ताट उचलून, हात कोरडे करून मग तो मोरपिशी कागद घ्या आणि १५ सेंटिमीटरची खूण करा. कापताना हात थरथरला का, आणि पहिल्या चिठ्ठीवर काय लिहिलंत, ते मला नक्की कळवा.